सावित्रीच्या खोऱ्यातला लाल विंचू

सावित्रीच्या खोऱ्यात बघणाऱ्याला धडकी भरते ती काळ्या विंचवाची. अंगाने दणकट, पुढचे चिमटे जाडजूड, नांगी उचलली की लहान पोर किंचाळतंच. पण त्याच्या दंशाने सहसा कोणी दगावत नाही. माणूस मारतो तो दुसरा. दोन-तीन इंचांचा, तांबूस, किडकिडीत, पेंढ्याच्या रंगात सहज मिसळून जाणारा. शास्त्रज्ञ त्याला ‘मेसोब्यूथस टॅम्युलस’ म्हणत आले आहेत. जगातल्या सर्वांत घातक विंचवांमध्ये त्याची गणना होते आणि कोकणातली तांबडी, जांभ्याची जमीन त्याला मानवते.

महाड आणि पोलादपूर या रायगडच्या आतल्या अंगाच्या दोन तालुक्यांत माणसाची आणि त्याची गाठ पडते ती कामाच्या ओघात. भात कापून भारे बांधताना, उडवीतून पेंढा उपसताना, पावसाळ्याच्या आधी लाकूडफाटा आणि शेणी घरात भरताना, गडग्याचा ढासळलेला दगड परत बसवताना. विंचू रात्रीचा फिरणारा, म्हणून अंधारात चपलेत पाय घातला तरी तो भेटू शकतो. आता हमरस्त्याने महाड गाठायला वेळ लागत नाही. पण पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या आजूबाजूला सह्याद्रीच्या सोंडांवर ज्या वाड्या आहेत, तिथून दवाखाना म्हणजे कित्येक वर्षं, आधी डोंगर उतरणं आणि मग एसटीची वाट बघणं. साहजिकच विंचू चावला की पहिली हाक जायची ती मांत्रिकाला.

विंचू उतरवणं ही महाराष्ट्रभरची जुनी विद्या. मंत्र ग्रहणात सिद्ध करायचा, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, घेतले तर त्याचा गुण जातो, असे तिचे संकेत. पद्धतही बरीचशी ठरलेली. मांत्रिक पुटपुटत कडुलिंबाचा डहाळा किंवा केरसुणी वरून खाली फिरवतो आणि मधून मधून विचारतो, ‘कुठवर आला?’ कळ मांडीत असते ती गुडघ्यापर्यंत येते, गुडघ्यातून घोट्यात, घोट्यातून अंगठ्यात. शेवटी दंशाच्या जागेपुरती ठसठस उरली की विंचू उतरला. मांत्रिक लांब असेल तर चिंचोका उगाळून चिकटवायचा, नाहीतर अघाड्याचं मूळ शोधायचं. प्रत्येक घरात यातलं काहीतरी कोणाला तरी ठाऊक असे.

हे सगळं थोतांड म्हणून झटकून टाकणं सोपं आहे. पण मग एक प्रश्न उरतो: इतक्या पिढ्या लोकांनी त्यावर विश्वास ठेवला तो का? खेड्यातला माणूस नुकसान सोसून फार काळ भाबडा राहत नाही. त्याला गुण आल्यासारखा दिसत होता, आणि तो का दिसत होता, हे शोधत गेलं की आपण थेट मेंदूपाशी पोचतो.

पहिलं कारण साधं. बहुतेक विंचूदंश जीवघेणे नसतात. भयानक कळ येते, माणूस रात्रभर तळमळतो आणि दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागतो. मंत्र घाला, घालू नका. दुसरं कारण अधिक रंजक आहे. वेदना नांगी लागल्या जागी सुरू होते खरी, पण ती जाणवते मेंदूत. आणि मेंदू तिची तीव्रता स्वतः कमीजास्त करू शकतो. १९७८ साली अमेरिकेतल्या लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स या तिघांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग केला. नुसत्या विश्वासावर दिलेल्या, औषध नसलेल्या औषधाने ज्यांची कळ कमी झाली, त्यांना अफूजन्य द्रव्यांचा परिणाम रोखणारं नॅलोक्सोन दिलं. कळ परत वाढली. म्हणजे तो आराम भास नव्हता. विश्वासाच्या जोरावर मेंदूने स्वतःची वेदनाशामकं सोडली होती. रुग्णाला याची जाणीवही नव्हती. धीराचा आवाज, ओळखीचा माणूस, पायावरून फिरणारा डहाळा आणि ‘आता गुडघ्यापर्यंत आला’ ही सूचना, एवढ्याने मेंदूचं हे झाकलेलं कोठार उघडत असेल तर त्यात अचंबा नाही.

तिसरं कारण मात्र अंगावर काटा आणणारं आहे. लाल विंचवाचं विष ज्याच्या साऱ्या अंगात भिनतं, त्याला दंशाच्या जागी अनेकदा फारशी कळ नसते. जो ओरडतो तो बहुधा वाचतो. जो शांत पडून घामाने निथळतो, त्याचं काही खरं नसतं. आणि मांत्रिक तर कळ गेली का एवढंच विचारत होता! सर्वांत वाईट रुग्ण त्याला सर्वांत बरा झालेला वाटण्याची पुरेपूर शक्यता होती.

मराठी साहित्यात विंचू आला तोही मनाच्या वाटेने. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडात त्याला आणलं ते काम आणि क्रोध यांचं सोंग देऊन. ते भारूड आजही कीर्तनात आणि लोककलेच्या मंचावर रंगतं. चावलेली बाई लोळते, किंचाळते, लोक हसतात, आणि हसता हसता कळतं की दंश झालाय तो मनाला. पण त्यात एक बारकावा आहे, जो वैद्यकाच्या नजरेने वाचणाऱ्याला चकवतो: दंश झालेल्याला घाम फुटल्याचं एकनाथ सांगतात. त्यांनी खरा रुग्ण पाहिला असणार. महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत परंपरेप्रमाणे जो दासबोध सांगितला गेला, त्या ग्रंथात समर्थ रामदासांनी तीन तापांची विभागणी केली आहे. देहाचे आणि मनाचे आतून उद्भवणारे विकार एका समासात आणि बाहेरच्या जीवांनी दिलेली दुःखं दुसऱ्यात. वर्गीकरण नेटकं, पण लाल विंचू नेमका या दोहोंच्या सीमेवर बसतो. तो चावतो बाहेरून आणि मारतो माणसाच्याच आतल्या यंत्रणेकरवी.

वैद्यांनीही त्याची दखल फार आधी घेतली होती. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विंचवांचे तीस प्रकार सांगून त्यांची मंद, मध्यम आणि तीव्र विषाचे अशी फोड केली आहे. सगळे विंचू सारखे नसतात हे त्यात पक्कं होतं. उपायांच्या बाजूने मात्र शेकडो वर्षं मुळ्या, पानं आणि लेप यांची भर पडत राहिली आणि त्यांतलं खरोखर काय चालतं याची परीक्षा कोणी घेतली नाही.

ती घेतली मुंबईच्या हाफकिन संस्थेत, १९३०च्या आसपास, कृष्णाजी श्रीपाद म्हसकर आणि जेझुइट धर्मगुरू असलेले फ्रेंच संशोधक जाँ कैयस या जोडीने. सर्पदंशावर आणि विंचूदंशावर म्हणून सांगितल्या जाणाऱ्या वनस्पती त्यांनी एकेक करून तपासल्या. त्याचे निष्कर्ष कीर्तिकर आणि बसू यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरच्या प्रचंड ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत जागोजाग आले आहेत. कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांचा हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर ज्यांनी पुन्हा सिद्ध केला, त्यांत कैयस आणि म्हसकर हे दोघेही होतेच. वनस्पतीमागून वनस्पती येते, तिचे गुण वर्णन केले जातात आणि शेवटी कोरडी नोंद: सर्पदंशावर निरुपयोगी, विंचूदंशावरही निरुपयोगी. शंभर पानं चाळली की या वाक्याचा ताल डोक्यात बसतो. इतकी प्रामाणिक आणि इतकी निराशाजनक टीप वैद्यकाच्या पुस्तकांत क्वचित सापडेल.

उपाय नव्हताच, पण विंचवाने माणूस नेमका कसा मरतो हेही धड माहीत नव्हतं. १९६१ साली डॉ. मुंडले यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी भरतं याकडे लक्ष वेधलं. त्यानंतरही दवाखान्यांतून जे दिलं जायचं ते अंदाजपंचे: स्टेरॉइड, ॲट्रोपिन, डिगॉक्सिन, गुंगीची औषधं. त्यांतल्या काहींनी आधीच धावत सुटलेल्या हृदयाला आणखी चाबूक बसत होता. मांत्रिकाकडून रुग्ण डॉक्टरकडे पोचला तरी त्याचं नशीब फारसं पालटत नव्हतं, हे मांत्रिकाला दोष देताना विसरून चालणार नाही.

१९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण वैद्यकीय अधिकारी रुजू झाला. हिंमतराव साळुबा बावस्कर. गाव जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं देहेड, घर शेतकऱ्याचं आणि गरिबीचं, डॉक्टरकी नागपूरच्या शासकीय महाविद्यालयातली. या वाटचालीचं वर्णन त्यांनी पुढे ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या आत्मचरित्रात केलं. बिरवाडीत त्यांच्यासमोर येऊ लागले ते विंचू चावलेले रुग्ण, त्यांत लहान मुलं पुष्कळ. पाठ्यपुस्तकात विंचूदंशाला दोन-चार ओळी, आणि इथे तर माणसं डोळ्यांदेखत जात होती.

बावस्करांनी जे केलं त्यात चमत्कारिक काहीच नव्हतं. ते रुग्णाजवळ बसले आणि टिपत गेले. किती वाजता दंश झाला, उलटी कधी झाली, घाम कधी फुटला, नाडी किती, रक्तदाब किती, हातपाय कधी गार पडले. या नोंदींतून १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निबंध आला. हृदय कोलमडण्याच्या आधी शरीर कोणत्या खुणा दाखवतं, हा त्याचा विषय. उलट्या, भरमसाट घाम, लाळ, थंडगार हातपाय आणि पुरुषांमध्ये लिंगाची ताठरता. ही शेवटची खूण सांगायला रुग्ण लाजतो, विचारायला डॉक्टर लाजतो. पण एखाद्या मुलाला खरंच लाल विंचू चावला आहे आणि पुढे धोका आहे, हे त्यातून वेळेत कळतं.

या सगळ्या खुणांमध्ये एक गोष्ट समान आहे. त्यांतली एकही माणूस ठरवून करू शकत नाही. घाम आण म्हटलं तर येत नाही, हात गार कर म्हटलं तर होत नाहीत.

शरीराचा हा कारभार पाहणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याला स्वायत्त चेतासंस्था हे नाव पडलं त्याचं मूळ केंब्रिजच्या जॉन लँग्लीकडे जातं. त्यांनी ते १८९८ साली वापरात आणलं. पुढच्याच वर्षी, १८९९च्या अखेरीस, व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड यांचा स्वप्नांवरचा ग्रंथ बाहेर पडला आणि अबोध मन हा शब्द जगभर झाला. एकाने देहातली न विचारता चालणारी यंत्रणा दाखवली, दुसऱ्याने मनातली. फ्रॉइड स्वतः तरुणपणी मज्जापेशींचे अभ्यासक होते. क्रेफिश या नदीतल्या कवचधारी जिवाच्या मज्जापेशी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या होत्या. संधिपाद प्राण्यांच्या वंशवृक्षात क्रेफिश हा विंचवाचा लांबचा भाऊबंदच. पुढे त्यांची कीर्ती झाली ती मनाच्या तर्कवितर्कांवर, आणि त्या तर्कांतले बरेचसे आज टिकलेले नाहीत. लँग्लीचं नाव मात्र सामान्य वाचकाला माहीतही नाही. ते टिकलं फक्त डॉक्टरांच्या पुस्तकांत. प्रसिद्धीचा हिशोब असाच असतो.

स्वायत्त चेतासंस्थेच्या दोन शाखा: संकटात शरीराला पेटवणारी अनुकंपी आणि त्याला निववणारी परानुकंपी. अंधारात पायाखाली काही वळवळलं की ते विंचू आहे की दोरी हे कळायच्या आत छाती धडधडू लागते, ती अनुकंपीच्या हुकमाने. एरवी दोघी एकमेकींना आवरून धरतात. लाल विंचवाचं विष या मज्जातंतूंच्या टोकांवर काम करतं. तंतूंच्या पडद्यात सोडियमची जी दारं असतात, ती एकदा उघडली की चटकन मिटायला हवीत. विषामुळे ती मिटायला उशीर होतो. पोटॅशियमची काही दारं तर विष बंदच करतं. तंतू शांत व्हायचं विसरतो आणि रसायनांचा लोंढा सुटतो. आधी उलट्या, घाम, लाळ. मग ॲड्रिनॅलिनच्या जातीच्या द्रव्यांचा पूर. रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय बर्फासारखे होतात, रक्तदाब चढतो, आकसलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. रुग्ण खोकतो तेव्हा तोंडातून गुलाबी फेस येतो. एवढं होत असताना माणूस बहुधा शुद्धीवर असतो. त्याला सगळं कळत असतं. फक्त त्याचं कोणी ऐकत नसतं.

मांत्रिक कुठे कमी पडत होता ते इथे लख्ख दिसतं. कळ हा मेंदूचा असा प्रांत आहे जिथे मनाची थोडीफार वट चालते. रक्तवाहिनीच्या भिंतीवरच्या स्नायूवर ती चालत नाही, निदान विषाच्या लोंढ्यापुढे तरी नाही. मंत्र ज्या दारावर थाप मारत होता, ते दार खरं होतं. मृत्यू दुसऱ्या दाराने येत होता.

पुण्याला जाऊन एम.डी. करून बावस्कर पुन्हा महाडला परतले. आकसलेल्या वाहिन्या उघडल्या तर हृदय सुटेल, हे आता स्पष्ट होतं. सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध ते काम करत असे, पण ते शिरेतून थेंब थेंब सोडावं लागतं आणि क्षणोक्षणी रक्तदाब बघत बसावं लागतं. शहरातल्या अतिदक्षता विभागात हे जमेल, खेड्यातल्या आरोग्य केंद्रात कसं जमणार? मग त्यांची नजर गेली प्राझोसिनवर. १९७०च्या दशकात रक्तदाबावर म्हणून बाजारात आलेली ही गोळी अनुकंपी तंतूंचा हुकूम वाहिन्यांपर्यंत पोचू देत नाही. तोंडाने घेता येते, स्वस्त आहे, आणि ठरावीक तासांनी देत राहून हातपाय उबदार झाले की थांबवता येते. गोळी घेतल्यावर रक्तदाब एकदम उतरू शकतो म्हणून रुग्णाला आडवं ठेवायचं, पोटात पाणी राहील इतकं पाजायचं, एवढी काळजी. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी प्राझोसिनचा अनुभव १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्येच मांडला. गंभीर दंश झालेल्या रुग्णांमध्ये या गोळीच्या आधी शंभरातले तीसच्या आसपास दगावत. नंतर हे प्रमाण चारच्याही खाली आल्याचं त्यांच्या निबंधांत नोंदलेलं आहे.

रुग्ण सुधारू लागला हे कशावरून ओळखायचं, तर दंशाच्या जागी कळ परत येते! मांत्रिकाच्या परीक्षेच्या अगदी उलट. ज्या कळेला हाकलण्यासाठी पिढ्यान् पिढ्या डहाळे फिरवले, ती महाडच्या दवाखान्यात शुभशकुन ठरली.

याच गोळीची आणखी एक गंमत. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांची झोप दुःस्वप्नांनी उडाली होती. मरे रॅस्किंड या मनोविकारतज्ज्ञाला प्राझोसिनने त्यांची स्वप्नं निवताना दिसली आणि २००३ सालापासून तसे प्रयोग प्रसिद्ध होऊ लागले. फ्रॉइडने ज्या स्वप्नांचे अर्थ लावण्यात आयुष्य घालवलं, ती रक्तदाबाच्या गोळीने थांबावीत! पण घाईने टाळ्या वाजवायला नकोत. २०१८ साली तीनशेहून अधिक माजी सैनिकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत औषध नसलेल्या गोळीपेक्षा प्राझोसिन सरस ठरलं नाही. विंचवाच्या बाबतीत ते सिद्ध झालं, स्वप्नांच्या बाबतीत वाद चालू आहे.

विंचवाच्या बाबतीतही सगळं एकमुखी नाही. डॉ. राधाकृष्ण मूर्तींनी इन्शुलिनचा मार्ग धरला. प्रतिविषाबद्दल तर जगभर मतभेद. ट्युनिशियातल्या १९९९च्या चाचणीत सरसकट प्रतिविष दिल्याचा फायदा दिसला नाही. मेक्सिको आणि ॲरिझोनात तिथल्या विंचवावर ते उपयोगी ठरलं. लाल विंचवाचं प्रतिविष हाफकिनने तयार केलं, तेव्हा बावस्कर पतिपत्नींनी आपल्याच गोळीची परीक्षा घेतली. महाडमध्ये ७० रुग्ण, त्यांतल्या ३५ जणांना फक्त प्राझोसिन आणि ३५ जणांना जोडीला प्रतिविष. दहा तासांनी पहिल्या गटातले ८ जण बरे झाले होते, दुसऱ्यातले ३२. हा निकाल २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. स्वतःच्या नावावर असलेला उपाय एकटा अपुरा आहे हे स्वतःच आकड्यांनिशी दाखवणारे संशोधक थोडे, आणि तालुक्याच्या गावी राहून ते करणारे त्याहून थोडे. हिंमतरावांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

मांत्रिकांचं काय झालं? ऑगस्ट २०१३मध्ये अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. कायद्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप आणि विंचू यांचा उल्लेख एकाच कलमात आहे. यांपैकी काही चावलं असता माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा. शब्दरचना विचारपूर्वक केलेली दिसते. गुन्हा आहे तो रोखण्याचा. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून जीपमधून पोराला महाडला नेताना शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने ओठातल्या ओठात मंत्र म्हटला, तर त्याला या कलमाची अडचण नाही, आणि पोराच्या कळेला कदाचित थोडी मदतच.